मॅडम, संपली का?

मी साडेसहा वर्षं १०८ ची गाडी, म्हणजे सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स, चालवलीय. तिथं ड्रायव्हर म्हणत नाहीत, पायलट म्हणतात. आता वय ३४ आणि विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. कॅज्युल्टीसमोर १०८ येऊन थांबली की माझं लक्ष अजूनही आधी गाडीच्या मागच्या दाराकडं जातं, ते दार किती घाईत उघडलं यावरून आत काय असेल ते कळतं. ज्युनिअर पोरं विचारतात, पेशंटचे नातेवाईक विचारतात, की दादा तुम्ही इकडं कसे काय आलात, आणि दरवेळी मी अर्धंच सांगतो कारण तेवढा वेळ नसतो. म्हणून आज ऑफ आहे तर सगळं लिहून काढतो.

आमचं गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या बाजूला. पावसाळ्यात भाताची आवणी, बाकी वर्षभर जे मिळेल ते काम. मी २००९ ला बारावी सायन्स झालो, पीसीबीला ५८ टक्के. सीईटीचा स्कोअर इतका कमी आला की डॉक्टरकीचा विषयच घरात निघाला नाही, आणि खरं सांगतो, मला तेव्हा डॉक्टर व्हायचं असं काही नव्हतंच, वर्गातले हुशार पोरं सायन्सला गेले म्हणून मी पण गेलो होतो. अण्णांची वडापची जीप होती, ती चालवायला लागलो. मग टेम्पो घेतला, टोमॅटोच्या सीझनला नारायणगाव, नाहीतर नाशिक मार्केट. रात्री अकराला निघायचं, पहाटे लिलावाला पोचायचं. २०१४ ला राज्यात १०८ सुरू झाली, एकूण ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ मोठ्या म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या एएलएस आणि बाकी ७०४ साध्या, म्हणजे बीएलएस. आमच्या भागाला बीएलएस मिळाली, फोर्सची ट्रॅव्हलर. हेवी लायसन होतं, घाटाची सवय होती, लागलो.

१०८ चं काम कसं चालतं ते थोडं सांगतो. पुण्यातल्या कंट्रोल रूमवरून कॉल पडतो, पायलट आणि डॉक्टर दोघंच निघतात. मागं बसणारे डॉक्टर बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतात. पेशंट उचलायचा, जवळच्या दवाखान्यात न्यायचा, तिथून रेफर झाला तर पुढं न्यायचा. आमच्याकडून नाशिकला न्यायचं म्हणजे रंधा, शेंडी, बारी, मग घोटी आणि तिथून मुंबई-आग्रा हायवे. पावसाळ्यात कळसूबाईच्या पायथ्याला असं धुकं असतं की वायपर चालू असून दहा फुटांपुढचं दिसत नाही आणि मागं माणूस धापा टाकत असतो.

आणि पायलटचं काम कॅज्युल्टीच्या दारापर्यंतच. स्ट्रेचर आत गेलं, कागदावर सही झाली, की आपलं स्ट्रेचर परत मागायचं, चादर बदलायची, रक्त असेल तर गाडी धुवायची, केस क्लोज झाली म्हणून कळवायचं, परत फिरायचं. आत पडदा ओढला की संपलं. पुढं त्या माणसाचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगत नाही आणि विचारलं तर आतल्या लोकांना वेळ नसतो, कधीकधी खेकसतात पण. मला आधी याचं काही वाटायचं नाही. टेम्पोतून टोमॅटो उतरवले की ते कुणी खाल्ले हे कुठं विचारतो आपण.

२०१६ चा ऑगस्ट होता. रात्री अडीच-तीनला कॉल पडला, ग्रामीण रुग्णालयातून नाशिकला शिफ्ट करायचं. दहा-अकरा वर्षांची मुलगी. रात्री खाली सतरंजीवर झोपली होती, मध्यरात्री उठून पोटात दुखतंय म्हणाली, उलटी झाली, घरच्यांना वाटलं काहीतरी बाधलं. मग तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या, बोलणं नाकातून यायला लागलं, तेव्हा चुलत्यानं अंथरूण झटकलं तर खाली मण्यार. आधी भगताकडं नेलं, तिथं तास गेला. दवाखान्यात आणली तेव्हा मान सावरत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी सापाच्या विषाची लस दिली, एकदम दहा बाटल्या सलाइनमधून, पण श्वास कमी पडायला लागला आणि तिथं व्हेंटिलेटर नाही. म्हणून नाशिक.

आमच्या गाडीवरच्या डॉक्टर मॅडमनी मागं अम्बू बॅग धरली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, तो एक रबरी फुगा असतो, तोंडावर मास्क घट्ट धरायचा आणि दर चार-पाच सेकंदांनी फुगा दाबायचा, म्हणजे आपण तिच्या बदल्यात श्वास घ्यायचा. नाशिकपर्यंत दीड-दोन तास. एका हातानं मास्क धरून एका हातानं दाबायचं, आणि गाडी वळणावर कलंडली तरी मास्क सुटू द्यायचा नाही. मुलीची आई बाजूला खाली बसलेली.

बारी सोडली आणि मी केबिनच्या मधल्या खिडकीतून मागं बघितलं. मॅडम टॉर्चनं तिचे डोळे बघत होत्या. पापणी उचलली तर बाहुली मोठी झालेली आणि उजेड पडला तरी तशीच. हात खाली लोंबत होता. आमच्या लाइनमध्ये दोन वर्षं काढल्यावर एवढं सगळ्यांना माहीत होतं, की बाहुली पसरली, उजेडाला हलत नाही, म्हणजे माणूस गेलं. मी चालवता चालवता मोठ्यानं विचारलं, "मॅडम, संपली का?"

आई ओरडली. तो आवाज मी लिहू शकत नाही.

मॅडम म्हणाल्या, "गाडी चालवा तुम्ही. थांबायचं नाही." एवढंच. आणि फुगा दाबत राहिल्या. घोटीच्या टोलपर्यंत मला वाटत होतं की मॅडम आईची समजूत म्हणून करतायत. नाशिकला पोचलो, स्ट्रेचर आत, सही, पडदा. मॅडमचे दोन्ही हात थरथरत होते, चहाचा कप त्यांना धरता येईना. परत येताना आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मी धरून चाललो की पोरगी गेली.

दिवाळीच्या आधी आठवडे बाजारात एका माणसानं मला हाक मारली, "ओ भाऊ, गाडीवाले भाऊ." मला चेहरा आठवेना. तो म्हणाला मी त्या मुलीचा बाप, मी दुसऱ्या गाडीनं मागनं आलो होतो. आणि त्याच्या मागं ती उभी होती, हातात फुगे घेतलेली, नव्या फ्रॉकचं माप द्यायला आणलेली. मी तिथंच रस्त्यात खाली बसलो. तो सांगत होता, चार दिवस मशीनवर होती, पाचव्या दिवशी बोटं हलवली, मग डोळे उघडले, मग नळी काढली. चहा घेऊ म्हणाला. टपरीवर बसलो. मी तिला काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मला ओळखतेस का गं?"

ती म्हणाली, "हो. आवाज ओळखते. तुम्ही विचारलं होतं ना, संपली का म्हणून."

मग खाली बघत म्हणाली, "मला सगळं ऐकू येत होतं. आई रडत होती ते पण. मी नाही नाही म्हणत होते पण तोंड हलत नव्हतं."

बाप म्हणाला, "लहान आहे, काहीपण बोलती." मी चहा तसाच ठेवला.

त्या रात्री ड्यूटीवर मॅडमना हे सांगितलं. म्हटलं असं होतं का? त्यांनी जुन्या केस पेपरच्या मागच्या बाजूला पेनानं चित्र काढलं. एक नस, एक स्नायू, मध्ये बारीक फट. म्हणाल्या, मेंदूचा हुकूम नसेतून इथपर्यंत येतो, मग या फटीत एक रसायन सुटतं, ते स्नायूपर्यंत गेलं की स्नायू हलतो. मण्यारीचं विष या नसेच्या टोकाला जाऊन बसतं. रसायन सुटतच नाही. पापणी हलत नाही, जीभ हलत नाही, शेवटी छाती हलत नाही. बाहुलीसुद्धा हलत नाही, म्हणून मण्यारीच्या पेशंटमध्ये बाहुली बघून मेला असं कधी म्हणायचं नाही. आणि हे विष मेंदूपर्यंत जात नाही, मेंदू जागा असतो. कान चालू असतात.

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणूनच तर दाबत होते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बारावी सायन्स ना? मग वाचा की, हे सगळं अकरावीच्या पुस्तकात आहे."

मला त्या क्षणी डॉक्टर व्हायचंय असं काही वाटलं नाही, उगाच खोटं लिहिणार नाही. मला लाज वाटत होती. आम्ही दोघं एकाच गाडीत होतो, एकाच पोरीकडं बघत होतो, त्यांना ती जिवंत दिसत होती आणि मला मेलेली. दोघांचे डोळे सारखेच, फरक फक्त त्या केस पेपरमागच्या चित्राचा होता. ते चित्र मी पाकिटात ठेवलं. अजून आहे, घडीवर फाटलंय.

पुढच्या सुट्टीला पुण्याला एका नातेवाइकाकडं गेलो तेव्हा अप्पा बळवंत चौकातून अकरावी-बारावीची एनसीईआरटीची बायोलॉजी आणली, सेकंडहँड, कुणीतरी पिवळ्या मार्करनं अख्खी रंगवलेली. ड्यूटीवर कॉल नसला की केबिनच्या लाइटमध्ये वाचायचो. स्नायूंच्या धड्यात ते सापडलं, अ‍ॅसिटाइलकोलीन, न्यूरोमस्क्युलर जंक्शन, एक परिच्छेद आणि बस. तो परिच्छेद मी बारावीच्या आधी पाठ करून परीक्षेत लिहिला असणार आणि तेव्हा त्यात मला काहीही दिसलं नव्हतं. आता प्रत्येक पेशंट मागं घेतला की घरी येऊन पुस्तक उघडायचो. छातीत दुखणारा आला की हृदयाचा धडा. बाळंतीण नेली की तो धडा. पुस्तकात तोंडी लावण्यापुरतं असायचं, मग मॅडमना विचारायचो, आणि त्यांनी कधी मला हे तुमचं काम नाही असं म्हटलं नाही.

विंचवाचं पण तसंच कळलं. आमच्याकडं लाल विंचू चावलेली पोरं यायची, घामानं निथळलेली, हातपाय गार पडलेली, आणि मॅडम ग्रामीण रुग्णालयात त्यांना एक साधी बीपीची गोळी देताना बघायचो, प्राझोसिन. म्हटलं विंचवाला बीपीची गोळी कशी काय? तेव्हा त्यांनी डॉ. हिम्मतराव बावस्करांबद्दल सांगितलं. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला गरिबाघरचा मुलगा, पडेल ती कामं करत शिकला, १९७६ ला महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली, आणि कोकणात विंचवानं माणसं मरताना बघून ती का मरतायत हे रात्र रात्र पेशंटजवळ बसून त्यांनी शोधलं. हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं, त्यावर ही गोळी चालते. शंभरात चाळीसच्या आसपास जायचे तिथं एकावर आलं. लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. मला या सगळ्यात बाकी कशाहीपेक्षा एक गोष्ट लागली, की हे शोधायला त्यांना मोठं हॉस्पिटल लागलं नाही. खेड्यातलं पीएचसी, पेशंटच्या उशाशी बसायची तयारी आणि हे असं का होतंय हा प्रश्न. तो प्रश्न आता माझ्याकडंपण होता.

तर डॉक्टर व्हायचंय हे तसं हळूहळू झालं, २०१७ मध्ये कधीतरी. आणि झालं तेव्हा कळलं की दार बंद आहे. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, तेव्हा ओपनसाठी २५ वर्षांची अट आली होती, राखीवला ३०. मी ओपन, वय २६. मे २०१८ ला दिल्ली हायकोर्टानं ती अट बरोबर धरली. मी कुणाला काही बोललो नव्हतो, त्यामुळं वाईट वाटलं तरी कुणाला सांगता येईना. पुस्तकं वाचत राहिलो, आता परीक्षा नाही तर नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरचे शेवटचे दिवस. मॅडमनी फोनवर बातमी पाठवली, सुप्रीम कोर्टानं २५ च्या वरच्यांना बसू द्यायला सांगितलंय, फॉर्मची मुदत आठवडाभर वाढवलीय, पण अ‍ॅडमिशन मिळालं तरी ते केसच्या अंतिम निकालावर अवलंबून राहील. खाली लिहिलं होतं, "भरा."

त्या रात्री बायकोला सांगितलं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची. सगळं ऐकून घेतलं तिनं, बाजारातल्या त्या पोरीचं पण पहिल्यांदाच सांगितलं. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला डॉक्टर व्हायचंय का त्या पोरीची माफी मागायचीय?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, "माहीत नाही गं."

ती म्हणाली, "मग माहीत होईपर्यंत अभ्यास करा. पण टेम्पो आत्ता विकू नका."

आई मात्र चिडली. तीस वर्षांचा बाप्या आता पोरांच्या मांडीला मांडी लावून बसणार का, शेताचं कोण बघणार. अण्णा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाला चौथा पाय ठोकून दिला, तो सहा महिने मोडलेला होता.

२०१९ चा पहिला प्रयत्न, ५ मे. ७२० पैकी ४३१. बायोलॉजी चांगली गेली, फिजिक्सनं मारलं. नीटमध्ये १८० प्रश्न, त्यातले ९० बायोलॉजी, बरोबरला चार आणि चुकीला एक वजा, म्हणजे अंदाजानं टिकमार्क करत सुटलं की गेलंच सगळं. फिजिक्स मला तोंडपाठ करून येईना. मग एकदा वर्तुळाकार गतीचा धडा काढला आणि त्यात रस्त्याचं वळण होतं, बाहेरची कड उचललेली, गाडी किती वेगानं गेली तर घसरणार नाही याचं सूत्र, वेगाचा वर्ग बरोबर त्रिज्या गुणिले जी गुणिले टॅन थीटा. मी थांबलो. हे तर मी रोज बारीच्या वळणावर करतो. कुठं किती सोडायची, कुठं गिअर टाकायचा, ओला रस्ता असला की किती कमी करायचं, हे पाठीच्या कण्याला माहीत होतं. तिथून पुढं प्रत्येक धड्यात मी गाडी शोधायला लागलो, घर्षण म्हणजे ब्रेक, प्रेशर म्हणजे ऑक्सिजन सिलिंडरचा काटा, विजेचा धडा म्हणजे बॅटरी आणि सायरन. ज्या पोरांना फिजिक्स अवघड जातं त्यांना मी अजून हेच सांगतो, हाताला जे आधीच येतंय तिथून सुरू करा.

मग २०२० आलं. परीक्षा ३ मे ला होती, ती २६ जुलैला गेली, मग १३ सप्टेंबरला. आणि मधले सगळे महिने आम्ही कोरोनाचे पेशंट नेत होतो. पीपीई किट घातलं की पाच-सहा तास पाणी नाही, लघवी नाही, घाम बुटात साठायचा. घरी जायचो नाही, दवाखान्याच्या आवारातल्या एका खोलीत झोपायचो, मुलगी रस्त्याच्या पलीकडून हात करायची. पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं कारण सॅनिटायझरच्या हातानं अक्षरं पुसायची. एकदा नाशिकच्या एका आवारात बेड मिळेपर्यंत सहा तास गाडीतच थांबलो, मागं आजोबा ऑक्सिजनवर, आणि मी पुढं केमिस्ट्रीचे प्रश्न सोडवत होतो. मला लाज वाटली आणि पुस्तक मिटलं. तर मॅडम मागून म्हणाल्या, "मिटू नका, आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांना कंटाळा आलाय." मी वाचलं. आजोबांनी मास्कच्या आतून मान हलवली. बेड मिळाला, स्ट्रेचर आत गेलं, पडदा. पुढचं माहीत नाही.

१६ ऑक्टोबरला निकाल. ६०४.

अ‍ॅडमिशनच्या कॅप फेऱ्यांमध्ये विदर्भातलं कॉलेज लागलं, घरापासून एक रात्र आणि अर्धा दिवस. आता टेम्पो विकला. ओपनला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून ट्यूशन फी निम्मी सुटते, बाकी टेम्पोच्या पैशातून. २०२१ च्या फेब्रुवारीत वर्ग सुरू झाले. माझ्या बॅचमधल्या पोरांची वयं अठरा-एकोणीस, मी ३० ला टेकलेलो. पहिल्या आठवड्यात सगळे मला सर म्हणायचे, मग दादा झालं.

पहिलं वर्ष अवघड गेलं. पाठांतराची सवय मोडलेली, बायोकेमिस्ट्रीत अडकलो, तो विषय सप्लीमध्ये म्हणजे फेरपरीक्षेत काढला. आणि डोक्यात सतत तो कोर्टाचा विषय, की निकाल उलटा लागला तर हे सगळं रद्द होईल, टेम्पो पण गेला आणि कॉलेज पण. तुम्ही विचार करा, डिसेक्शन हॉलमध्ये उभं राहून हाताच्या नसा सोडवताना मनात हे. २०२२ च्या मार्चमध्ये बातमी आली, नॅशनल मेडिकल कमिशननं वरची वयोमर्यादाच काढून टाकली. हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बायकोला फोन केला. ती अंगणवाडीत होती, मागं पोरं गाणं म्हणत होती, तिला नीट ऐकू येईना, मी ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता जेवून घ्या." एक वाजला होता, मी खरंच जेवलो नव्हतो.

कम्युनिटी मेडिसिनला सर्पदंशाचा विषय आला तेव्हा आकडे वाचले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात अंदाजे १२ लाख माणसं साप चावून गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि मोठा भाग दवाखान्यात न पोचता घरीच. वर्गातल्या पोरांनी आकडा वहीत उतरवून घेतला. मी पण घेतला, पण माझ्यासमोर सतरंजी होती, आणि भगताकडं गेलेला तो एक तास. मला एमबीबीएसनंतरची बाँडची एक वर्षाची सरकारी सेवा आहे ना, बरेच जण ती कशी टळेल ते बघतात, दहा लाख भरून सुटतात काही जण. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, मी कुणाला नावं ठेवत नाही. मी मात्र तिची वाट बघतोय. जमलं तर आमच्याच तालुक्यात पीएचसी मागणार आहे, आणि पहिल्या पावसाच्या आधी गावातल्या भगतांकडं जाऊन बसणार आहे. त्यांना शिव्या देऊन काही होणार नाही, लोक आधी त्यांच्याकडंच जाणार. त्यांना एवढंच सांगायचंय की पापणी जड झाली तर मंत्र गाडीत बसून म्हणा, मी पण गाडीत बसतो.

आता परवाचं. परवा नाइट होती, पाऊस लागलेला, पहाटे चारला १०८ आली. मागचं दार पायलटनं स्वतः उतरून उघडलं, पळत. चाळिशीचा शेतकरी, शेतातल्या खोपटात झोपला होता, मण्यार. पापण्या मिटलेल्या, श्वास उथळ, ऑक्सिजन खाली चाललेला. सिनिअरनी नळी घालायची तयारी केली, लस चालू केली, मला म्हणाले बॅग धर. मी धरली. बाहुल्या पसरलेल्या. त्याची बायको दारात शेजारणीला धरून उभी.

मी त्याच्या कानाशी वाकलो. म्हटलं, "दादा, तुम्ही दवाखान्यात आहात. तुम्हाला हलता येत नाहीये पण ऐकू येतंय हे मला माहिताय. साप चावलाय, औषध चालू केलंय. आता झोपेचं औषध देऊन घशात नळी घालणार, मग मशीन तुमचा श्वास घेईल. दोन-चार दिवस लागतील. तुमची बायको इथं दारात उभी आहे." सिनिअरनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता नळी घालायचा लॅरिंगोस्कोप उचलला.

नळी गेली, मशीन लागलं, पडदा ओढला. मी हात धुऊन बाहेर आलो तर पायलट अजून तिथंच, ओला, स्ट्रेचरसाठी थांबलेला. पंचविशीचा पोरगा असेल. मला बघून हळूच म्हणाला, "सर, गेला का?"

मी त्याला बाकावर बसवलं. खिशात पेन होतं, त्याच्या हातात त्याच्या केसचा कागद होता. तो उलटा केला आणि एक नस काढली, एक स्नायू, मध्ये बारीक फट.